नवजात ताऱ्यांचे झोत आणि खोडदच्या दुर्बिणी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या शिवारांत जानेवारी महिन्यात रब्बीची ज्वारी कणसांवर आलेली असते. पाखरांपासून पिकाची राखण करण्यासाठी शेतातील माळ्यावर उभा असलेला राखणदार गोफण फिरवितो, दोन-तीन वेढे देऊन दोरीचे एक टोक सोडतो आणि खडा सुसाट वेगाने पिकावरून निघून जातो. त्याच शिवारात महिन्याच्या उत्तरार्धात रात्री आठ-साडेआठच्या सुमारास मान वर केली, तर जवळजवळ माथ्यावर तांबूस रंगाची रोहिणी दिसते. रोहिणी आणि गोफण यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु रोहिणीच्या शेजारी, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका काळ्या मेघात, नवे तारे जन्म घेत आहेत. आणि जन्म घेताना ते आपल्या भोवतालचा काही वायू गोफणीतील खड्याप्रमाणे दूर भिरकावीत आहेत.

जन्माला येणाऱ्या ताऱ्याने वायू गोळा करावयाचा, की तो बाहेर फेकावयाचा? वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. गेल्या सुमारे पन्नास वर्षांच्या संशोधनातून असे दिसून आले आहे की, त्या परस्परविरोधी तर नाहीतच, उलट दुसरीवाचून पहिली पूर्ण होऊ शकत नाही. जो बाहेर टाकत नाही, तो तारा होऊ शकत नाही. आपला सूर्यही याच मार्गाने जन्मला असला पाहिजे, आणि म्हणून हा विषय केवळ दूरच्या आकाशाचा नाही. तो आपल्या पृथ्वीच्या पूर्वेतिहासाचाही आहे. या संशोधनात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणींनीही महत्त्वाची भर घातली आहे.

थंड आणि काळोखे मेघ

ताऱ्यांमधील अवकाश पूर्णपणे रिकामे नसते. त्यात विरळ वायू व सूक्ष्म धूळ पसरलेली असते. काही ठिकाणी हा वायू एकत्र येऊन त्याचे प्रचंड मेघ बनतात. या मेघांमध्ये हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने एकत्र येऊन रेणूंच्या स्वरूपात राहतात, म्हणून त्यांना रेणुमेघ असे म्हणतात. त्यांच्या अंतर्भागातील तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्यांतील धूळ पाठीमागील ताऱ्यांचा प्रकाश अडविते. त्यामुळे आकाशाच्या त्या भागात जणू तारेच नाहीत, असा भास होतो.

मेघ हा शब्द ऐकून पावसाळी ढगांसारखे दाट काही डोळ्यांपुढे येण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये, २५ या आकड्यावर १८ शून्ये दिल्यास जी संख्या होते, सुमारे तितके रेणू असतात. रेणुमेघातील दाट समजल्या जाणाऱ्या गाठीतही ही संख्या काही हजार ते काही लाख एवढीच असते. प्रयोगशाळेतील उत्तम निर्वात पात्रांशी तुलना व्हावी इतका हा वायू विरळ असतो. तरीही मेघाचा विस्तार कित्येक प्रकाशवर्षांचा असल्यामुळे त्यातील एकूण द्रव्य शेकडो, हजारो, काही वेळा लाखो सूर्यांएवढे भरते.

इतक्या थंड अवस्थेतील हायड्रोजनचे रेणू जवळजवळ कोणतेच प्रारण बाहेर टाकीत नाहीत. त्यामुळे हे मेघ दीर्घकाळ शास्त्रज्ञांच्या दृष्टीआड राहिले. १९७० साली रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियस या तीन शास्त्रज्ञांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या दिशेने येणारे कार्बन मोनॉक्साइडचे संकेत टिपले. सुमारे २.६ मिलिमीटर तरंगलांबीच्या या रेडिओ लहरींमुळे रेणुमेघांचे नकाशे काढता येऊ लागले. हायड्रोजनच्या मानाने कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण अत्यल्प असते. परंतु जत्रेच्या गर्दीत एखादा कंदील घेतलेला माणूस जसा गर्दी कोणीकडे सरकत आहे ते दाखवितो, तसा हा वायू संपूर्ण मेघाची हालचाल दाखवितो.

आकसण्यातील अडचण

रेणुमेघातील एखादी दाट गाठ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत ओढली जाऊ लागली, म्हणजे ताऱ्याच्या जन्मास प्रारंभ होतो. हे वर्णन सोपे असले तरी यात एक मोठी अडचण आहे. प्रत्येक गाठ अत्यंत मंद गतीने का होईना, स्वतःभोवती फिरत असते. फिरणारी वस्तू आकसली की तिची फिरकी वाढते. गोफणीची किंवा गोट्याला बांधलेली दोरी बोटाभोवती गुंडाळू दिली, तर ती जसजशी आखूड होते तसतसा गोटा अधिक वेगाने फिरू लागतो, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. फिरकीचे हे जे मूळ भांडवल वस्तूजवळ असते, त्याला पदार्थविज्ञानात कोनीय संवेग म्हणतात. बाहेरून कोणी काढून घेतल्याशिवाय ते कमी होत नाही.

आता हा हिशेब ताऱ्याला लावून पाहू. सूर्याएवढा तारा ज्या गाठीपासून बनतो, तिचा व्यास प्रारंभी साधारणपणे प्रकाशवर्षाच्या एक तृतीयांश असतो. सूर्याचा व्यास सुमारे १४ लक्ष किलोमीटर आहे. म्हणजेच या गाठीला वीस लक्ष पटींहून अधिक आकसावे लागते. फिरकी मात्र त्या पटीच्या वर्गाने वाढते. मूळ गाठीला एक फेरी पूर्ण करण्यास काही दशलक्ष वर्षे लागत असली, तरी तिच्यातील फिरकी जशीच्या तशी राहिल्यास, सूर्याएवढ्या आकाराला येताना तिला एक मिनिटाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी वेळात, एक फेरी घ्यावी लागेल. सूर्यासारख्या ताऱ्याने तीन तासांपेक्षा कमी वेळात एक फेरी घेतली, तरी त्याचे विषुववृत्त सुटून द्रव्य बाहेर उधळेल. आजचा सूर्य आपल्या विषुववृत्तावर सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेतो. तेव्हा जन्माच्या काळात फिरकीचे हे अवाढव्य भांडवल कोठे गेले, हा प्रश्न उत्पन्न होतो.

त्याचे एक उत्तर असे की, आकसणारा वायू सरळ केंद्रावर पडत नाही. तो ताऱ्याभोवती एका चपट्या तबकडीच्या रूपाने फिरू लागतो. गावाच्या नावातच कुंभार असलेल्या कुंभार पिंपळगावात हे समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत. कुंभाराचे चाक म्हणजे ही तबकडी, आणि चाकाच्या मध्यावर ठेवलेला मातीचा गोळा म्हणजे बालतारा. फरक इतकाच की, येथे चाकावरील माती हळूहळू आत सरकत गोळ्याला मिळत असते. रोहिणीजवळच्याच भागात असलेल्या एच.एल. टॉरी या अत्यंत तरुण ताऱ्याभोवतीची अशी तबकडी, तिच्यातील वर्तुळाकार पट्ट्यांसह, चिली देशातील आल्मा या रेडिओ दुर्बीणसमूहाने २०१४ मध्ये स्पष्टपणे टिपली. पुढे अशाच तबकड्यांतून ग्रह निर्माण होतात. आपल्या सूर्यमालेतील ९९ टक्क्यांहून अधिक द्रव्य सूर्यात आहे, पण फिरकीचा फार मोठा वाटा ग्रहांकडे आहे, याचे मूळ या अवस्थेत आहे.

परंतु तबकडीतील वायूनेही आपली फिरकी कोणाला तरी दिल्याशिवाय तो आत सरकू शकत नाही. ती फिरकी घेऊन जाणारा एक वाहक म्हणजे बाहेर पडणारा वायू.

परस्परविरुद्ध दिशांचे दोन प्रवाह

या बहिर्गामी वायूची चाहूल प्रथम निराळ्याच मार्गाने लागली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील जॉर्ज हर्बिग आणि मेक्सिकोतील गिलेर्मो हारो यांना मृग नक्षत्रातील मेघांच्या परिसरात तेजाचे काही लहान पुंजके आढळले. ते तारे नव्हते, आणि नेहमीचे तेजोमेघही नव्हते. त्यांना पुढे हर्बिग-हारो पिंड असे नाव मिळाले. हे पुंजके म्हणजे अतिवेगवान वायू समोरच्या वायूवर आदळून तापल्याच्या खुणा होत, हे कालांतराने उलगडले. १९८१ मध्ये हर्बिग व जोन्स यांनी अनेक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांची तुलना करून, या यादीतील पहिले दोन पिंड परस्परविरुद्ध दिशांना दूर जात असल्याचे दाखविले. अशा झोतांचा वेग सेकंदाला शंभर ते काही शे किलोमीटर इतका असतो. या वेगाने मुंबईहून नागपूर गाठण्यास काही सेकंदच लागतील.

दरम्यान १९८० मध्ये रोनाल्ड स्नेल, रॉबर्ट लोरेन आणि रिचर्ड प्लॅम्बेक या शास्त्रज्ञांनी रोहिणीजवळच्या, लिंड्स १५५१ या नावाने नोंदलेल्या मेघाचे कार्बन मोनॉक्साइडच्या लहरींमध्ये निरीक्षण केले. मेघातील एका बालताऱ्याच्या एका अंगाचा वायू आपल्याकडे येत आहे, आणि दुसऱ्या अंगाचा आपल्यापासून दूर जात आहे, असे त्यांना आढळले. वायू येत आहे की जात आहे, हे कसे कळते? एस.टी.ची गाडी भोंगा वाजवीत जवळ येताना तो चढा ऐकू येतो आणि पुढे निघून गेल्यावर उतरतो. रेडिओ लहरींच्या बाबतीतही असेच घडते. जवळ येणाऱ्या वायूच्या लहरी किंचित आखूड होतात आणि दूर जाणाऱ्या वायूच्या किंचित लांबतात. एवढ्याशा फरकावरून वेगाचे मोजमाप करता येते.

मेघातील हे दोन प्रवाह बालताऱ्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशवर्षाहून अधिक अंतरापर्यंत पसरलेले होते. अशा प्रवाहांना द्विध्रुवी प्रवाह असे म्हणतात. नंतरच्या काळात अशा प्रवाहांची असंख्य उदाहरणे सापडली, आणि हा एखाद्या विक्षिप्त ताऱ्याचा स्वभाव नसून बहुतेक सर्व ताऱ्यांच्या बाल्यावस्थेतील एक नेहमीची पायरी आहे, हे मान्य झाले. २०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या एच.एच. २११ या पिंडाच्या चित्रात, अगदी कोवळ्या ताऱ्यापासून दोन्ही दिशांना निघालेले झोत आणि त्यांच्या टोकाशी धनुष्याच्या आकाराच्या आघाताच्या कडा ठळकपणे दिसतात.

येथे झोत आणि प्रवाह यांतील भेद ध्यानात ठेवणे इष्ट होईल. झोत हा अरुंद व अतिवेगवान असून तो प्रत्यक्ष ताऱ्याच्या निकटच्या भागातून निघतो. प्रवाह हा रुंद व त्या मानाने संथ असतो, आणि त्यात झोताने वाटेत ढकललेला मेघातील थंड वायू फार मोठ्या प्रमाणावर असतो. भरधाव मोटार गेली म्हणजे रस्त्याकडेची धूळ व पाचोळा तिच्यामागे उडतो, तसाच हा प्रकार होय.

लिंड्स १५५१ हा मेघ आपल्यापासून सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षे दूर आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे घनसावंगी तालुक्यातच आहे. त्यांचा जन्म १६०८ सालचा. या मेघातून आज आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या लहरी त्या जन्माच्याही पूर्वी तेथून निघालेल्या आहेत. कुंभार पिंपळगाव हे सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्याने, हा मेघ त्या गावाच्या अगदी माथ्याजवळून दररोज एकदा जातो.

गोफणीचे तत्त्व

वायू गुरुत्वाकर्षणाने आत ओढला जात असताना त्यातील काही भाग बाहेर कसा फेकला जातो? याचे आज सर्वसाधारणपणे स्वीकारलेले स्पष्टीकरण चुंबकीय क्षेत्राशी निगडित आहे. तबकडीतून वर व खाली चुंबकीय बलरेषा निघालेल्या असतात, आणि तबकडीबरोबर त्याही फिरतात. तबकडीच्या पृष्ठभागावरील विद्युतभारित वायू या रेषांना धरून राहतो. रेषा पुरेशा बाहेर कललेल्या असल्या, तर त्यांच्यावरील वायू रेषेवरून बाहेर सरकत जातो आणि त्याला अधिकाधिक वेग मिळत जातो. गोफणीत हात फिरतो, दोरी त्याला जोडलेली असते आणि खडा टोकाशी वेग घेतो. येथे तबकडी हा हात, बलरेषा ही दोरी आणि वायू हा खडा आहे.

खडा सुटताना हाताची काही शक्ती घेऊन जातो. तद्वत बाहेर पडणारा वायू तबकडीची फिरकी घेऊन जातो. लांब दोरीच्या टोकावरील थोडेसे द्रव्यही बरीच फिरकी वाहून नेऊ शकते. म्हणून आत येणाऱ्या वायूच्या ढोबळमानाने एक दशांश वायू बाहेर गेला, तरी उरलेल्या वायूला ताऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होते. पुढे दूर अंतरावर याच बलरेषा पीळ दिलेल्या दोरीप्रमाणे वायूभोवती गुंडाळल्या जाऊन त्याला आवळतात, आणि त्यामुळे तो सर्व दिशांना न पसरता तबकडीच्या दोन्ही अंगांस, चाकाच्या आसाच्या रोखाने, अरुंद झोताच्या रूपाने पुढे जातो. गोफणीचा दाखला येथे थांबतो. कारण गोफणीतील खडा फिरण्याच्या पातळीतच निघून जातो, तर हा झोत त्या पातळीला काटकोनात निघतो. झोत नेमका तबकडीच्या कोणत्या भागातून निघतो, ताऱ्याच्या अगदी कडेपासून की काहीशा बाहेरच्या पट्ट्यातून, याविषयी संशोधन अद्याप चालू आहे.

गोदावरीकाठच्या वाचकांना यासाठी आणखी एक दाखला देता येईल. पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजांचा सांडवा आहे. सांडव्यातून पाणी जाते म्हणून धरणात पाणी साठत नाही, असे कोणी म्हणत नाही. सांडवा आहे म्हणूनच धरण पाणी धरून ठेवू शकते. बालताऱ्याचे झोत हा त्याच्या फिरकीचा सांडवा होय.

खोडद येथील दुर्बिणींचे योगदान

या सर्व स्पष्टीकरणात चुंबकीय क्षेत्राला मध्यवर्ती स्थान आहे. परंतु झोतामध्ये चुंबकीय क्षेत्र खरोखरच आहे, याचा पुरावा मिळविणे कठीण असते. येथे महाराष्ट्रातील दुर्बिणींचा संबंध येतो.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावनजीक खोडद येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पकतेतून व नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात तिची उभारणी झाली आणि २००१ मध्ये ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हे तिचे स्वरूप. त्यांपैकी १४ तबकड्या मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत. उरलेल्या १६ तबकड्या तीन भुजांवर अशा रीतीने विखुरलेल्या आहेत की, एकूण विस्तार सुमारे २५ किलोमीटरपर्यंत जातो. या सर्व तबकड्यांनी एकाच वेळी घेतलेले संकेत एकत्र केले असता, २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीने पाहावे इतका बारकावा मिळतो. लांब रेडिओ लहरींसाठी तबकडीचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा असण्याची गरज नसते; म्हणून येथे पोलादी तारांची जाळी ताणून बसविली आहे. त्यामुळे वजन व वाऱ्याचा दाब दोन्ही कमी झाले आणि खर्चातही मोठी बचत झाली.

तापलेला वायू रेडिओ लहरी बाहेर टाकतो, पण लांब तरंगलांबीकडे जाऊ लागले की त्यांची तीव्रता कमी होत जाते. याउलट प्रकाशाच्या वेगाच्या आसपास धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वेटोळी घेत जाताना ज्या लहरी टाकतात, त्या लांब तरंगलांबीवर अधिक प्रबळ होतात. या प्रकाराला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. चुंबकीय क्षेत्र नसेल, तर हे प्रारण नाही. तेव्हा एखाद्या झोतातून ते मिळाले, तर तेथे चुंबकीय क्षेत्र आहे, आणि ते किती प्रबळ आहे याचाही अंदाज करता येतो. हा भेद लांब लहरींवरच उत्तम प्रकारे दिसत असल्यामुळे खोडदच्या दुर्बिणी या कामासाठी विशेष उपयुक्त ठरतात.

डब्लिन येथील संशोधिका रेचल एन्सवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृषभ राशीतील डी.जी. टॉरी या सूर्यासारख्या तरुण ताऱ्याचे निरीक्षण खोडदच्या दुर्बिणींवरून ३२५ व ६१० मेगाहर्ट्झ या वारंवारितांवर केले. त्याचा झोत समोरच्या वायूवर आदळतो त्या जागी त्यांना सिंक्रोट्रॉन प्रारणाची लक्षणे आढळली. २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी आपला पुरावा प्राथमिक स्वरूपाचा असल्याचे स्पष्टपणे नमूद केले. वैज्ञानिक शिस्तीचे हे लक्षण होय. सूर्यासारख्या लहान ताऱ्याचा झोतही कणांना प्रकाशाच्या वेगाजवळ नेऊ शकतो, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होती.

मोठ्या ताऱ्यांच्या बाबतीत याच दिशेचे काम पुढे नेण्यात आले. धनू राशीच्या दिशेला, साडेचार ते साडेपाच हजार प्रकाशवर्षांवर, एच.एच. ८०-८१ नावाचा एक प्रसिद्ध झोत आहे. तो सूर्यापेक्षा कितीतरी अधिक वस्तुमानाच्या बालताऱ्यापासून निघतो. या झोतात चुंबकीय क्षेत्र असल्याचा पुरावा २०१० मध्ये अमेरिकेतील रेडिओ दुर्बिणींच्या साहाय्याने मिळाला होता. तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतील सरिता विग व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणींवरून त्याचा कमी वारंवारितांवर अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि झोताच्या निरनिराळ्या भागांतील सिंक्रोट्रॉन प्रारणाची माहिती त्यातून मिळाली. याशिवाय टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९८० च्या दशकापासून एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण मोठ्या फुग्यांच्या साहाय्याने हैदराबादहून वातावरणात उंचावर पाठवून ताऱ्यांच्या जन्मस्थळांचा अभ्यास केला आहे.

मेघावर होणारा परिणाम

झोतांचे कार्य फिरकी वाहून नेण्यापुरते मर्यादित नाही. ते बालताऱ्याभोवतीच्या आवरणात पोकळ्या पाडतात आणि ताऱ्यावर पडू शकला असता असा पुष्कळसा वायू दूर सारतात. दाट गाठीतील वायूपैकी साधारण एक तृतीयांश वायूच अखेरीस ताऱ्यात जमा होतो, असा अंदाज आहे. संपूर्ण मेघाचा विचार केल्यास तर काही टक्के वायूचेच तारे बनतात. याला चुंबकीय क्षेत्र, मेघातील खळबळ व मोठ्या ताऱ्यांचे प्रखर प्रारण हीही कारणे आहेत. तथापि झोतांमुळे होणारी ढवळाढवळ हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण समजले जाते.

यामुळे मेघातील वायू एकदम संपून जात नाही. जे एका ताऱ्याने सोडले, ते पुढे दुसऱ्या ताऱ्याच्या उपयोगी पडते. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य जन्मला, तेव्हाही आधीच्या ताऱ्यांनी वापरून व मागे ठेवून दिलेले द्रव्यच त्याच्या वाट्याला आले होते. आपल्या रक्तातील लोह व हाडांतील कॅल्शियम ही मूलद्रव्ये त्याच वारशाचा भाग आहेत.

शांततेची जपणूक

शेवटी एका व्यावहारिक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. शेकडो वा हजारो प्रकाशवर्षांवरून येणारे हे संकेत कमालीचे क्षीण असतात. दुर्बिणीजवळ एखादा भ्रमणध्वनी, ठिणग्या टाकणारी वीजवाहिनी किंवा सदोष विद्युत उपकरण यांच्या गोंगाटात ते सहज बुडून जातात. खोडदची जागा निवडण्यात आली ती तेथील रेडिओ गोंगाट कमी होता आणि सभोवतालच्या डोंगरांचा आडोसा होता म्हणून. ही स्थिती टिकविण्यात परिसरातील ग्रामस्थ, ग्रामपंचायती, वीज व दूरसंचार खात्यांचे कर्मचारी आणि महसूल यंत्रणा या सर्वांचा सहभाग लागतो. नियोजित पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही या दुर्बिणींच्या संरक्षणाचा प्रश्न पुढे आला. विकासाची कामे व्हावयास हवीत, यात दुमत नाही. मात्र एकदा गेलेली शांतता पैसे खर्च करूनही परत आणता येत नाही, याचा विचार आराखडा कागदावर असतानाच व्हावा हे उचित होय. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. तेथे जमिनीच्या सूक्ष्म कंपनांबाबत हीच दक्षता लागणार असल्यामुळे हा प्रश्न आता या विभागालाही जवळचा झाला आहे.

अंधाराचेही असेच आहे. गावातील रस्त्यावरील दिव्यांना वरून झाकण असले आणि त्यांचा उजेड केवळ जमिनीवर पडला, तर वीज वाचते, रस्ता अधिक चांगला दिसतो व आकाशही काळे राहते. ग्रामपंचायतीने नवे दिवे बसविताना एवढी अट घातली, तरी मुलांना रोहिणी, कृत्तिका आणि मृग अंगणातून पाहता येतील.

शिक्षकांना हा विषय वर्गात फार थोड्या साहित्यात शिकविता येण्यासारखा आहे. बांबूच्या पोकळ नळीतून दोरी ओवून तिच्या वरच्या टोकाला रबरी चेंडू बांधावा, नळी हातात धरून तो डोक्यावर फिरवावा आणि दोरीचे खालचे टोक हळूहळू ओढावे. चेंडूचे वर्तुळ लहान होते आणि वेग वाढतो. आकसणाऱ्या मेघाची अडचण मुलांना त्यातून तत्काळ कळेल. मग रात्री त्यांना रोहिणी दाखवावी आणि तिच्याजवळच्या काळोखात नवे तारे कसे घडत आहेत, ते सांगावे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदची वेधशाळा विद्यार्थी व नागरिकांना खुली ठेवण्याची प्रथा आहे. शाळांनी तिचाही लाभ घ्यावा.

कुंभाराच्या चाकावर हात धुण्याच्या पाण्याबरोबर थोडी माती वाहून जाते. कुंभार तिची खंत करीत नाही, कारण त्यावाचून मडके आकाराला येत नाही. रोहिणीशेजारच्या मेघात घडणारी गोष्ट याहून फारशी निराळी नाही. काही भाग सोडून दिल्यानेच तेथे तारा आकाराला येत आहे, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी अशाच रीतीने आकाराला आलेल्या एका ताऱ्याच्या उजेडात आज शिवारातील ज्वारी पिकत आहे.